सैनिकाला प्रदक्षिणा

त्या माणसाने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्टीअरिंग घट्ट धरलं. परक्या पुरुषाने हात धरण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. पण तेव्हा ते मनातसुद्धा आलं नाही, कारण समोरून एक लाल ट्रक आमच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही. रस्त्यात कुणाची गाय आडवी यावी तसा तो नुसता बघत राहिला. माझ्या उजव्या हाताला, उंच चौथऱ्यावर, दगडी सैनिक खांद्याला बंदूक लावून उभा होता.

परीक्षक हळू आवाजात म्हणाला, गाडी बंद करा. मग त्याने मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, मॅम, मागच्या वेळीही तुम्ही इथेच चुकला होतात.

ते खरं होतं. महिन्याभरापूर्वीही मी त्याच चौकात, त्याच सैनिकाला उजव्या हाताला ठेवून, उलट्या बाजूने गाडी घातली होती. मधल्या काळात नियम तोंडपाठ केला होता. या देशात गोल चौकात शिरताना उजवीकडे वळायचं, मधली वस्तू आपल्या डाव्या हाताला राहिली पाहिजे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण चौक आला, सैनिक दिसला, आणि हात आपले आपण डावीकडे वळले.

नलूताई परीक्षेच्या कचेरीबाहेर बाकावर बसल्या होत्या. गाडी त्यांची. त्या मूळच्या दादरच्या, पण वीस वर्षं या गावात होत्या. लायब्ररीत काम करायच्या, एकट्या राहायच्या. सगळ्या गावात मराठी बोलणारी माणसं आम्ही तिघंच, म्हणून ओळख झाली, एवढंच. देवाधर्माचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. परीक्षक माझ्याऐवजी गाडी चालवत परत आलेला पाहून त्या काय ते समजल्या.

"अगं इंदू," घरी येताना त्या म्हणाल्या, "तो सैनिक आहे. मारुती नव्हे."

मला रडू येत होतं, आणि दुसऱ्याच्या गाडीत रडणं बरं दिसत नाही.

"आता एकच संधी. तिसऱ्यांदा नापास झालीस तर सहा महिने अर्जसुद्धा घेत नाहीत. माहीत आहे ना?"

माहीत होतं. म्हणून तर रडू येत होतं.

आम्हाला त्या गावात येऊन तेव्हा सात महिने झाले होते. ह्यांना पंप बनवण्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती. कारखाना घरापासून वीस मैल, आणि बस नावालाही नाही. मार्चमधल्या एका सकाळी दाढी करताना हे बाथरूममध्ये पडले. मी धावत गेले तर डोळे वर, हातपाय ताठ, गालावर अर्धा साबण तसाच. त्याआधी मी फिट आलेलं माणूस कधी पाहिलं नव्हतं. नलूताईंनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

हे दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन कामावर गेले.

मी परोपरीने विनवलं. ह्यांचं म्हणणं एकच. आपला व्हिसा त्या कारखान्याचा. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील, आणि घरी म्हणजे कुरुंदवाडला. "तू लायसन्स काढ," हे म्हणाले, "त्या दिवसापासून मी चावीला शिवणार नाही." कुणा सहकाऱ्याबरोबर जा म्हटलं तर म्हणायचे, कारण काय सांगू?

तेव्हापासून आमची सकाळ अशी. पावणेसातला हे निघायचे. मी चावी हातात द्यायची. खिडकीत उभी राहून गाडी वळेपर्यंत बघायचं. आणि मग टेलिफोनची वाट. पोचल्यावर हे ऑफिसातून फोन करायचे, दोनदा वाजू द्यायचे आणि ठेवून द्यायचे. मी उचलायचा नाही. सव्वासातला दोन घंटा वाजल्या की मी पाणी प्यायची. त्याआधी घोटभरही नाही. हा नेम मी कुणी न सांगता धरला होता. माझ्या हातात दुसरं होतं काय?

जुना नेम तुळशीचा. कुरुंदवाडला आमच्या मागच्या अंगणात तुळस होती. आठव्या वर्षी आईने तिला रोज एकवीस प्रदक्षिणा घालायला लावल्या, तेव्हापासून एकही दिवस चुकला नव्हता. तापात घातल्या, परीक्षेच्या दिवशी घातल्या, लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून घातल्या. इथे येताना मंजिऱ्या कागदाच्या पुडीत आणल्या होत्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात त्यांची रोपं आली. स्वयंपाकघराच्या मधोमध एक स्टूल, त्यावर तो डबा, आणि भोवती मी. ओट्यापाशी जागा अरुंद, तिथून आडवं होऊन जावं लागायचं. फोन वाजेपर्यंत माझ्या एकवीस व्हायच्या.

नापास होऊन आलो त्या दिवशी नलूताई घरी चहाला थांबल्या. स्वयंपाकघरात येऊन त्या डब्याकडे बघत राहिल्या. ही रोज याच्याभोवती फिरते, हे त्यांना ठाऊक होतं.

"किती वर्षं घालतेस गं?"

मी म्हटलं, अठरा.

"अठरा वर्षं रोज एकवीस. आणि तिकडच्या रिक्षाही त्याच बाजूने." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या डोक्याला नियम कळलाय. तुझ्या अंगाला कळलेला नाही. अंगाला सांगायला हवं. उद्यापासून या डब्याभोवती उलट्या बाजूने फिर. डाव्या हाताला ठेवून. पंधरा दिवस."

माझ्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली.

"तसं चांगल्याला करत नाहीत, नलूताई."

"मला माहीत आहे कशाला करतात ते." त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या, पण आवाज मऊ होता. "चांगल्याला करत नाहीत. आणि रोज सकाळी तू त्याच्या हातात चावी देतेस, ते चांगल्याला का?"

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. त्यांनी तुळस नको तर खुर्चीभोवती किंवा बाहेर झाडाभोवती फिर, असंही सुचवलं. मी दोन दिवस इमारतीमागच्या मेपलभोवती फिरून पाहिलं. त्या झाडाशी माझ्या अंगाची काही ओळखच नव्हती. पाय वळायचे, आणि घरात येऊन तुळशीपुढे उभं राहिलं की सगळं पुसलं जायचं. शनिवारी नलूताईंनी त्यांची गाडी चालवायला देऊन चौकात नेलं तर मी सैनिकाच्या अलीकडेच ब्रेकवर पाय दाबून बसले. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी नलूताई खाली उतरल्या आणि माझ्या जागी येऊन बसल्या.

तिसऱ्या परीक्षेला सोळा दिवस उरले होते.

सोमवारी सव्वासातला फोन वाजला नाही.

माझ्या एकवीस झाल्या. घड्याळ साडेसातवर गेलं. मी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला, चालू होता. मग भीती वाटली की नेमक्या त्याच क्षणी हे फोन करत असतील, म्हणून घाईने ठेवला. पावणेआठ झाले. बोलायचं कुणाशी? ऑफिसला फोन करून विचारावं, तर हेच ह्यांनी निक्षून मना केलं होतं. पोलिसांना काय सांगायचं, तेही इंग्रजीतून? त्या वीस मैलांच्या रस्त्यावर मी चालत निघाले असते तरी दुपार झाली असती. मी जमिनीवर बसले आणि फोनकडे बघत राहिले. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. नाव घेतलं आणि फोन आला नाही, तर मग पुढे काय, असं वाटलं.

आठ वाजून वीस मिनिटांनी दोन घंटा झाल्या.

संध्याकाळी मी काही विचारायच्या आत हे म्हणाले, पेट्रोल भरायला थांबलो होतो. जेवताना पुन्हा म्हणाले, रांग होती. मी मुद्दाम खाली जाऊन गाडीचा काटा पाहिला. टाकी पाव भरलेली होती, कालच्यासारखीच. उजव्या बाजूच्या चाकांना चिखल होता. कुठेतरी रस्ता सोडून कडेला उतरलेली गाडी. मी वर आले आणि ताटं घासली.

मंगळवारी हे गेल्यावर मी तुळशीपुढे उभी राहिले, हात जोडले, आणि डावीकडे निघायच्या ऐवजी उजवीकडे पाऊल टाकलं.

पहिल्याच फेरीत स्टुलाला पाय अडकून डबा पडता पडता राहिला. तिसऱ्या फेरीत घेरी आल्यासारखं झालं, ओटा धरून उभी राहिले. तुळस डाव्या हाताला ठेवून चालणं म्हणजे भिंतीवर चालल्यासारखं. स्तोत्र म्हणायची हिंमत झाली नाही. देवाचं नाव अशा बाजूने कसं घ्यायचं? पण गप्प राहून फिरणंही जमेना, ओठांना सवय. म्हणून नलूताईंनी शिकवलेले शब्दच म्हणत गेले. थांबा. आरशात मागे बघा. डावीकडून येणाऱ्यांना जाऊ द्या. उजवीकडे वळा. थांबा. आरशात मागे बघा. एकवीस वेळा.

रोज करत गेले. सरळ बाजूच्या एकवीस मी सोडून दिल्या होत्या, नाहीतर अंग पुन्हा विसरलं असतं. संध्याकाळी दिवा लावताना तुळशीकडे बघवायचं नाही. मनात एक हिशेब धरला होता. ही शिक्षा मला लागो, ह्यांना नको. हे कुणाला सांगितलं नाही. नलूताईंनी विचारलं, चालू आहे का, तर नुसती मान हलवली.

नवव्या दिवशी, बुधवारी, हे खाली गेले आणि मी फिरायला लागले. बारावी फेरी असेल. ओट्यापाशी आडवी होऊन वळले तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. कारखान्यात लावायचा चष्मा टेबलावर राहिला होता, तो घ्यायला परत आले होते. पायात बूट तसेच.

मी थांबले नाही. थांबता आलं नाही. ह्यांच्यासमोरून अजून एक फेरी पूर्ण केली आणि मग उभी राहिले.

"किती दिवस चाललंय हे?"

"नऊ."

हे बुटांसकट आत आले आणि खुर्चीवर बसले. घरात बूट घालून यायची पद्धत नव्हती, ह्यांनाही ते चालत नसे. नजर त्या डब्यावर होती.

"दादांना नेलं तेव्हा," हे आपल्या वडिलांबद्दल म्हणाले, "माझ्या खांद्यावर मडकं होतं. पाण्याची धार चालली होती. आणि मी सरळ निघालो, आपण देवळात निघतो तसा. मागून गुरुजी ओरडले, डाव्या हाताला ठेवा, चिता डाव्या हाताला. माझे पाय वळेनात. काकांनी खांदा धरून वळवलं." मग म्हणाले, "त्या बाजूने मी एकदाच फिरलोय. तीन फेऱ्या."

मी म्हटलं, "मी गाडीसाठी फिरतेय."

"मला कळतंय कशासाठी फिरतेस."

"तुम्हाला काही होऊ नये म्हणून."

"तेही कळतंय, इंदू." लग्नाला चार वर्षं झाली होती. ह्यांनी मला नावाने हाक मारलेली तोवर एखाद-दोनदाच ऐकली असेल. "त्या सोमवारी पेट्रोल नव्हतं भरलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं होतं. गाडी कशी थांबवली, मला आठवत नाही."

ह्यांनी खिशातून चावी काढली आणि तुळशीच्या डब्याशेजारी ठेवली. मग फोनपाशी गेले आणि साहेबाला फोन लावला. इंग्रजीत बोलत होते. मला त्यातलं मार्च कळलं, डॉक्टर कळलं, आणि सॉरी कळलं, ते तीन-चारदा आलं. पलीकडचा माणूस फार बोलला नसावा. दुपारनंतर कळवतो म्हणाला.

तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही दोघं फोनजवळ बसलो होतो. ह्यांनी बूट काढून दारात ठेवले, मी पोहे केले, ते कुणी खाल्ले नाहीत. एकदा ह्यांनी कपाटावरच्या बॅगांकडे पाहिलं आणि मीही पाहिलं. मोठी बॅग येतानाच एका कडेला फाटली होती. मी उठून ती खाली काढली आणि दोऱ्याने शिवत बसले. ह्यांनी नको म्हटलं नाही.

चार वाजता फोन आला. साहेब म्हणाला, नोकरीचं वर ठरेल, तोवर कामावर या. अर्ल नावाचा एक फोरमन तुमच्याच रस्त्याने येतो, तो तुम्हाला घेऊन येईल. पण तो महिनाअखेरीस निवृत्त होतो. त्यानंतर तुमची सोय तुम्ही बघा.

महिनाअखेर म्हणजे नऊ दिवस. माझी परीक्षा सहाव्या दिवशी.

परीक्षक तोच होता. मला पाहून त्याने दीर्घ श्वास घेतला, पट्टा लावला आणि दारावरचा दांडा धरून बसला. मी सगळं सावकाश केलं. सिग्नल, शाळेचा रस्ता, कडेला गाडी लावणं. शेवटी त्याने चौकाकडे बोट केलं. सैनिक दिसला. डावीकडे ओढल्यासारखं झालं, अजूनही झालं, अठरा वर्षांचं ते. पण ओठ आपले आपण हलायला लागले. थांबा. आरशात मागे बघा. डावीकडून येणाऱ्यांना जाऊ द्या. उजवीकडे वळा.

सैनिक माझ्या डाव्या हाताला आला आणि डाव्या हातालाच राहिला.

कुठून बाहेर पडायचं ते परीक्षकाने सांगितलं नव्हतं, म्हणून मी पूर्ण फेरी घातली. मग दुसरी सुरू झाली. तेव्हा तो म्हणाला, मॅम, आता पुरे, इथून बाहेर पडा. कचेरीत आल्यावर सही करताना त्याने विचारलं, वळताना काय पुटपुटत होतात? मी म्हटलं, तुमच्या पुस्तकातला नियम.

नलूताईंनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि मला परत दिला. "चल," म्हणाल्या, "आता त्या बिचाऱ्या तुळशीला सरळ फिर." त्यांचे डोळे भरले होते, पण ते मला दिसू नये म्हणून त्या गाडीची काच पुसत बसल्या.

पुढच्या सोमवारपासून मी ह्यांना कामावर सोडायला लागले. फोनच्या दोन घंटा बंद झाल्या. ह्यांची नोकरी राहिली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली. त्या सोमवारनंतर फिट पुन्हा कधीही आली नाही. त्या वर्षीही नाही, नंतरही नाही. माझ्या त्या उलट्या फेऱ्यांनी ती टळली, की ती येणारच नव्हती आणि मी उगाच नको ते केलं, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. तुळशीपुढे रोज एकवीस सरळ घालत केला. ह्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. एकाहत्तर वर्षांचे होते, हृदयाचं दुखणं होतं, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये. इथे चिता नसते. दिवाणखान्यासारख्या एका खोलीत लाकडी पेटी, बाजूला खुर्च्या, आणि देवळातले तरुण गुरुजी. आम्हाला एकच मुलगी. ती या देशात जन्मली, वाढली. मडकं तिच्या खांद्यावर दिलं. गुरुजींनी निघा म्हटलं, आणि ती डावीकडे निघाली. लहानपणी माझा पदर धरून तुळशीभोवती फिरायची, तशी. गुरुजी म्हणाले, नाही नाही, डाव्या हाताला ठेवा. ती गोंधळून थांबली. पाणी गालिच्यावर सांडत होतं. खोलीतलं कुणी हललं नाही.

मी उठले. तिचं कोपर धरलं आणि तिला वळवलं.

मला कुणी सांगावं लागलं नाही. ह्यांना डाव्या हाताला ठेवून आम्ही दोघी चाललो. पहिली, दुसरी, तिसरी. माझे ओठ हलत होते. गुरुजींना वाटलं मी मंत्र म्हणते आहे, म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज जरा खाली आणला.

मडकं मागच्या मागे टाकल्यावर ते म्हणाले, आता सरळ बाहेर पडायचं, मागे वळून बघायचं नाही.

बाहेर मुलगी म्हणाली, आई, आज मी चालवते. मी चावी दिली नाही. ती शेजारी बसली, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली आणि आरशात मागे पाहिलं.